‘वापरात नाही’ म्हणजे काय? : कंटेनर पुसणाऱ्या एका कमांडचा इतिहास

आज आपण इतिहास पाहणार आहोत तो एका कमांडचा. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तीन शब्द टाइप करायचे : डॉकर सिस्टिम प्रून. यंत्र एक इशारा देतं, काय काय पुसलं जाईल त्याची यादी दाखवतं आणि ‘पुढे जायचं का?’ असं विचारतं. आपण ‘हो’ म्हटलं की थोड्या वेळात किती जागा मोकळी झाली त्याचा आकडा समोर येतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या आपल्या घरातल्या मुलामुलींना विचारा, त्यांनी हे केव्हा ना केव्हा केलेलं असतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग या कमांडशी आमचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध एका शब्दापुरता आहे. या कमांडच्या माहितीत लिहिलेलं असतं की ‘अनयूज्ड’, म्हणजे वापरात नसलेल्या वस्तू काढून टाकल्या जातील. आता, एखादी वस्तू वापरात नाही हे यंत्राला कळतं कसं? ते ठरवण्याचा हक्क कुणाचा? आणि ठरवण्यात चूक झाली तर काय जातं? या प्रश्नांची उत्तरं गेल्या साठएक वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेली आहेत. त्या बदलांचा मागोवा आज घेऊ.

आधी कंटेनर म्हणजे काय ते पाहू. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं दम धरावा.

एकाच संगणकावर अनेक प्रोग्राम चालतात. ते एकमेकांच्या फाइलींत हात घालतात, एकाला जुनी लायब्ररी हवी असते, दुसऱ्याला नवी. मग प्रत्येकाला वेगळी खोली द्यावी, अशी कल्पना निघाली. 1979 साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. प्रोग्रामला सांगायचं की ही एक डिरेक्टरी म्हणजेच तुझं सगळं जग. त्याच्या पलीकडचं त्याला दिसेनासं होतं. मार्च 2000 मध्ये आलेल्या फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीने ‘जेल’ आणलं, त्यात फाइलींबरोबर प्रोसेस आणि नेटवर्कही वेगळं झालं. पुढे सोलॅरिसने ‘झोन’ दिले. 2006 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी, पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी, लिनक्ससाठी अशी यंत्रणा सुरू केली की ज्यात प्रोसेसच्या एका गटाला किती मेमरी, किती प्रोसेसर मिळावा याचं माप ठरवता येईल. ती जानेवारी 2008 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाली. म्हणजे खोलीच्या भिंती आणि खोलीचा शिधा, दोन्हींची व्यवस्था लागली होती. पण ती वापरायला अवघड होती.

मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेत सांता क्लारा इथे भरलेल्या पायकॉन परिषदेत जेमतेम पाच मिनिटांत ‘डॉकर’ दाखवलं, आणि हे सगळं दोन-तीन सोप्या कमांडींत आलं. ‘कंटेनर’ हे नाव त्याआधीही होतं, पण मालवाहू जहाजावरच्या पोलादी पेट्यांचं चित्र लोकांच्या मनात पक्कं बसवलं ते डॉकरने. न्हावा शेव्याला ज्या पेट्या एकावर एक रचलेल्या दिसतात, त्याच. आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही, पेटीचं माप सारखं असलं की झालं.

उपमा चांगली आहे, पण एका जागी ती तुटते. पोलादी पेटी रिकामी झाली तरी ती पोलादाची वस्तू राहते, तिला किंमत असते, ती परत पाठवावी लागते. सॉफ्टवेअरचा कंटेनर तयार करायला एक-दोन सेकंद लागतात आणि जवळपास फुकट पडतो. जे फुकट तयार होतं ते साचत जातं. आपल्या आजच्या विषयाचं मूळ तिथे आहे.

डॉकरमध्ये तीन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. सरकारी कचेरीचं उदाहरण घेऊ. कोऱ्या छापील अर्जांचा गठ्ठा असतो, ती ‘इमेज’. तिच्यावर लिहिलं जात नाही. त्यातला एक अर्ज काढून आपण भरायला घेतला, तो ‘कंटेनर’. छापील मजकुरावर आपल्या शाईचा एक पातळ थर चढतो, तेवढाच त्याचा स्वतःचा. आणि कपाटात ठेवलेलं रजिस्टर, ज्यात कायमच्या नोंदी जातात, ते ‘व्हॉल्यूम’. अर्ज फाडून टाकला तर फक्त शाई जाते, गठ्ठ्यातून दुसरा घेता येतो. रजिस्टर फाडलं तर गावाच्या नोंदी गेल्या.

आता गंमत बघा. कंटेनरचं काम संपलं, तो थांबला, तरी तो जात नाही. ‘डॉकर पीएस’ म्हटलं की फक्त चालू असलेले दिसतात. त्यापुढे ‘हायफन ए’ जोडलं की थांबलेल्यांची लांबलचक रांग समोर येते. नवशिक्या माणसाला वाटतं, हा काय अव्यवस्थितपणा?

त्यामागे जुनं शहाणपण आहे. युनिक्समध्ये एखादी प्रोसेस संपते तेव्हा तिची मेमरी परत घेतली जाते, पण तिची एक ओळ यादीत शिल्लक ठेवतात. तिला ‘झाँबी’ म्हणतात. का ठेवायची? कारण जिने तिला जन्म दिला त्या पालक प्रोसेसने अजून विचारलेलं नसतं की काम नीट झालं की मध्येच मोडलं. पालकाने ‘वेट’ ही हाक दिली, निकाल ऐकला, की मग ती ओळ पुसली जाते. मृत्यूची नोंद ऐकणारा येईपर्यंत नाव खोडायचं नाही, असा तो रिवाज. थांबलेला कंटेनर याच कारणाने राहतो. तो का थांबला हे सांगणारा आकडा, त्याने थांबण्याआधी काय काय लिहिलं त्याचा लॉग आणि शाईचा तो पातळ थर त्याच्यापाशी असतो. रात्री तीनला काहीतरी कोसळलं तर सकाळी चौकशीला हाच साक्षीदार. ज्याला साक्ष नकोच आहे त्याने कंटेनर सुरू करतानाच ‘हायफन हायफन आरएम’ असं सांगून ठेवायचं, मग तो थांबल्यावर आपोआप जातो.

म्हणजे ‘चालू नाही’ आणि ‘वापरात नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. पहिली यंत्राला दिसते. दुसरीचं काय?

त्यासाठी आणखी मागे जाऊ. नोव्हेंबर 1971 मध्ये युनिक्सची पहिली छापील पुस्तिका निघाली, तिच्यात पुसण्याची ‘आरएम’ ही कमांड आहे. पण ती ज्या सिस्टिम कॉलवर उभी आहे त्याचं नाव फार सूचक आहे : ‘अनलिंक’, म्हणजे दुवा सोडवणं. युनिक्समध्ये फाइल आणि फाइलचं नाव या निराळ्या वस्तू आहेत. एका फाइलला अनेक नावं असू शकतात. आपण पुसतो ते नाव. शेवटचं नाव गेलं आणि कुठल्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली नसली, तरच यंत्र त्या जागेवर हात ठेवतं.

याच विचाराची आणखी एक शाखा जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत दिसते. एप्रिल 1960 मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात ही पद्धत आहे : मेमरी संपत आली की प्रोग्रामच्या हातात असलेल्या दुव्यांपासून निघायचं, जिथे जिथे पोहोचता येतं तिथे खूण करायची आणि जिथे पोहोचताच येत नाही ती जागा परत घ्यायची. आज याला सगळे ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात, निबंधात मात्र तो शब्द नाही. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी रीत मांडली : प्रत्येक वस्तूकडे किती दुवे येतात ते मोजत राहा, आकडा शून्य झाला की वस्तू मोकळी करा.

दोन्ही रीतींत एक समान गृहीतक आहे. ज्याच्याकडे कुणीच बोट दाखवत नाही, ते निरुपयोगी. प्रोग्रामच्या मेमरीत हे गृहीतक बिनचूक आहे, कारण तिथले सगळे दुवे त्या मेमरीतच असतात. बाहेरचा कुणी त्या जागेची आठवण काढणार नसतो. मात्र हीच रीत उचलून डिस्कवर, माणसांच्या डेटावर लावली की गडबड सुरू होते.

इथे आमच्या विषयातली एक जुनी चर्चा उपयोगी पडते. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणाले की ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण आहे : घट दिसत नाही, यावरूनच घटाचा अभाव कळतो. नैयायिकांनी ते वेगळं प्रमाण मानलं नाही. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचं जमतं. न दिसणं हे ‘योग्य’ असायला हवं. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. भर उजेडात समोरच्या फरशीवर घट दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता प्रून कमांडकडे या नजरेने बघा. ती म्हणते, या व्हॉल्यूमकडे कुठल्याच कंटेनरचा दुवा दिसत नाही, म्हणून तो वापरात नाही. पण दुवा असता तर तो तिला दिसला असता का? पुढच्या सोमवारी तो डेटा लागणार आहे हे एखाद्या माणसाच्या डोक्यात असेल, टीमच्या वहीत लिहिलेलं असेल, एखाद्या करारात असेल. यंत्राच्या दृष्टीने तिथे अंधार आहे. मेमरीच्या बाबतीत अनुपलब्धि योग्य होती, डेटाच्या बाबतीत ती अयोग्य आहे. सगळा वाद या एका फरकातून निघालेला आहे.

डॉकरचा पुढचा इतिहास हा फरक हळूहळू मान्य करण्याचा इतिहास आहे. टप्पे बघू.

पहिली काही वर्षं एकदम झाडझूड करणारी कमांड नव्हती. लोक कमांडीत कमांड गुंफायचे : सगळ्या कंटेनरांचे क्रमांक काढायचे आणि ती यादी ‘डॉकर आरएम’च्या हातात द्यायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण एक आधार होता. चालू कंटेनर पुसायला ‘आरएम’ नकार देतं, सक्ती केल्याशिवाय ऐकत नाही. व्हॉल्यूमचं मात्र उलट होतं. कंटेनर गेला की त्याची निनावी रजिस्टरं डिस्कवर अनाथ राहायची आणि ती पाहायला वा काढायला डॉकरची स्वतःची कमांडच नव्हती. ती नोव्हेंबर 2015 मध्ये, 1.9 या आवृत्तीत आली.

जानेवारी 2017 मध्ये 1.13 ही आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर ‘प्रून’. शब्द बागकामातला, म्हणजे छाटणी. थांबलेले कंटेनर, कुणी न वापरलेली नेटवर्क, नाव गमावलेल्या इमेज, सगळं एका कमांडीत. आणि त्या यादीत व्हॉल्यूमही होते. कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्याबरोबर रजिस्टरंही रद्दीत निघाली. समजा, डेटाबेसचा कंटेनर आपण दुरुस्तीसाठी काढून टाकला आणि नवा उभा करण्याआधी कुणी प्रून चालवलं, तर मधल्या पाच मिनिटांत डेटाबेसकडे बोट दाखवणारं कुणीच नसतं. नियमाप्रमाणे तो ‘वापरात नाही’.

त्याच वर्षी 17.06.1 या आवृत्तीपासून नियम बदलला. सिस्टिम प्रून आपणहून व्हॉल्यूमला हात लावणार नाही, हवं असेल तर ‘हायफन हायफन व्हॉल्यूम्स’ असं मुद्दाम सांगावं लागेल. पुढे 2023 मध्ये, 23.0 या आवृत्तीत, आणखी एक पाऊल पडलं. खास व्हॉल्यूमसाठी असलेली ‘व्हॉल्यूम प्रून’ ही कमांडसुद्धा आता फक्त निनावी व्हॉल्यूम काढते. ज्याला माणसाने नाव दिलं आहे, ते ‘हायफन ए’ लिहून स्पष्ट सांगितल्याशिवाय जात नाही.

आम्हाला हा बदल फार अर्थपूर्ण वाटतो. कुणीतरी बसून या वस्तूला नाव दिलं, याचा अर्थ त्याच्या मनात तिच्यासाठी काहीतरी होतं. यंत्राला ते मन वाचता येत नाही, पण नाव वाचता येतं. म्हणून नाव हा हेतूचा पुरावा मानायचा. कंटेनरला मात्र आपण नाव दिलं नाही तर डॉकर स्वतःच एक ठेवतो : एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं आडनाव. त्या यादीत रामानुजन आहेत, रामन आहेत, भास्कराचार्य आहेत. ‘बोरिंग वॉझ्नियाक’ हे एकच जोडनाव त्या प्रोग्राममध्ये मुद्दाम वर्ज्य केलेलं आहे. हे विनोदाचं नाव कुणाच्या हेतूची खूण ठरत नाही, त्यामुळे प्रून त्याला दाद देत नाही. नाव कुणी ठेवलं यावर सगळं आहे.

ज्या महिन्यात प्रून आलं त्याच महिन्याच्या 31 तारखेला गिटलॅब या कंपनीत एक प्रसंग घडला. तो कंपनीने स्वतः जाहीरपणे सविस्तर लिहून ठेवला आहे. त्यात कंटेनरचा संबंध नाही, पण आपल्या प्रश्नाचा आहे. रात्री उशिरा एक अभियंता बिघडलेल्या दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला गेला आणि कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, पण सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. नेहमीच्या बॅकअपच्या वाटा तपासल्या तर त्या एकामागून एक निकामी निघाल्या. वाचवलं कशाने? सहा तासांपूर्वी दुसऱ्याच एका चाचणीसाठी हाताने काढून ठेवलेल्या प्रतीने. सहा तासांचा डेटा गेला, बाकीचा परत आला. आता सांगा, त्या दुपारी कुणी विचारलं असतं की ही चाचणीची प्रत वापरात आहे का, तर काय उत्तर मिळालं असतं?

दुव्यांनी जमत नाही म्हटल्यावर दुसरी कसोटी येते ती काळाची. बराच वेळ कुणी हात लावला नाही, तर काढून टाका. कुबर्नेटीसमध्ये, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, मूळ नियम असा आहे की डिस्क 85 टक्क्यांवर गेली की इमेज पुसायला सुरुवात करायची आणि 80 टक्क्यांवर आणून थांबायचं, ज्या सर्वांत आधी वापरल्या होत्या त्या आधी. हे चालतं, कारण इमेज म्हणजे कोरे अर्ज, पुन्हा मागवता येतात. पण मागवायचे कुठून? ऑगस्ट 2020 मध्ये डॉकर कंपनीने जाहीर केलं की तिच्या सार्वजनिक कोठारात मोफत खात्यांवरच्या ज्या इमेज सहा महिने कुणी चढवल्या-उतरवल्या नाहीत त्या नोव्हेंबरपासून पुसल्या जातील. ऑक्टोबरमध्ये ही अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. कंपनीला साठवणुकीचा खर्च होता, तोही खोटा नव्हे. पण एखाद्या शोधनिबंधातली आकडेमोड ज्या इमेजमध्ये केली, ती सहा महिने कुणी मागितली नाही म्हणून निरुपयोगी ठरते का? ग्रंथालयातलं एखादं पुस्तक दहा वर्षांत एकदाच मागितलं जातं, आणि त्या एका वेळेसाठीच ते ठेवलेलं असतं.

मग काहीच पुसू नये का? तसं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. डिस्क काठोकाठ भरली की डेटाबेस लिहू शकत नाही, लॉग थांबतात, चालू कामं बंद पडतात. साचू देणं हाही एक निर्णयच, त्याचीही किंमत असते. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तो वेल छाटतो, कारण न छाटलेल्या वेलीला नीट फळ येत नाही. पण कात्री लावण्याआधी प्रत्येक काडीकडे तो बघतो. वाळकी दिसणारी काडी मेलेली आहे की तिच्या डोळ्यात फळ आहे, हे त्याला ओळखावं लागतं.

या क्षेत्रात एक उपमा फार चालते : सर्व्हर पूर्वी पाळीव प्राण्यांसारखे होते, त्यांना नावं होती, आजारी पडले तर शुश्रूषा व्हायची. आता ते गुरांसारखे आहेत, क्रमांक द्या, बिघडलं तर बदला. उपमा परदेशातल्या हजारो गुरांच्या कुरणांवरून आली आहे. ज्यांच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात त्यांच्या गळी ती सहज उतरायची नाही. तरी तिच्यातला मुद्दा खरा आहे : कंटेनर असा बांधावा की तो गेल्याचं दुःख होऊ नये. त्यासाठी दुःख होण्यासारखं जे आहे ते आधीच बाहेर, नाव दिलेल्या रजिस्टरात, हलवलेलं हवं. हे केलेलं असेल तर प्रून निर्धास्त चालवा.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. आधी ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ने जागा कुठे गेली ते पाहावं. मग फक्त थांबलेले कंटेनर काढावेत, मग इमेज, आणि व्हॉल्यूम सर्वांत शेवटी, एकेक नाव वाचून. ‘अमुक तासांपेक्षा जुने’ अशी गाळणी लावता येते, ती लावावी. जे राखायचं आहे त्यावर लेबल लावता येतं, आणि ते लेबल असलेलं सोडून बाकीचं पुस, असं प्रूनला सांगता येतं. आणि प्रश्न विचारण्याची पायरी गाळणारा ‘हायफन एफ’ रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामात घालताना दहा वेळा विचार करावा. कारण त्या प्रश्नाच्या ओळीत, ‘पुढे जायचं का?’ या तीन शब्दांत, यंत्र कबूल करत असतं की मला दुवे मोजता येतात, पण यातलं काय कुणाला लागणार आहे हे मला माहीत नाही. तेवढं तुम्ही सांगा.

तिथे उत्तर द्यायला माणूस हजर असावा, एवढंच आमचं म्हणणं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.